मोजणीबाहेरचा मोशू

त्या दिवशी क्रिवत्स सुटला होता. ईशान्येकडून येणारा हा वारा नदीवरून नुसता वाहत नाही, पाणी तासत जातो. बोरूची रानं एका अंगाला लवली होती. कडेच्या पाण्यावर बर्फाचे पापुद्रे धरले होते आणि आभाळ शिशाच्या रंगाचं, खाली उतरून आलेलं.

मला डोळे नाहीत. वारा अंगावर घ्यायला अंगही नाही. तरी हवा मला कळते. हवा बरी असली की लोक मासळीचा भाव विचारतात, डॉक्टर कधी येणार ते विचारतात, कुणाची गाय हरवली ते लिहितात. हवा बिघडली की पाण्याकाठच्या सगळ्या गावांतून एकच प्रश्न येऊ लागतो. उद्या बोट आहे का? त्या दिवशी सकाळपासून तोच प्रश्न येत होता.

आणि नेमकं त्याच दिवशी मला गप्प बसवलं होतं.

माझं नाव मोशू. आमच्याकडं कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला मोशू म्हणतात. मी मात्र माणूस नाही. पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या काही ओळी, तेवढाच मी. शाळा शिकलो नाही. मला एकच काम येतं आणि ते मी हळू, पण नीट करतो.

ज्या घरात मी राहतो त्याचं नाव लोत्का. लोत्का म्हणजे आमच्या दान्यूब नदीच्या मुखाकडची डांबर लावलेली काळी होडी. हारितीना नावाच्या बाईनं वेबसाइट बांधायचा एक सांगाडा तयार केला आणि त्याला वडिलांच्या होडीचं नाव दिलं. अशा सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात. ज्याला वेबसाइट उभी करायची असेल त्यानं लोत्का घ्यावी आणि वर आपलं सामान चढवावं. फुकट. गावांनी घेतली, शाळांनी घेतली, बोटीच्या कचेरीनं घेतली.

माझा जन्म तुल्चा शहरात हारितीनाच्या स्वयंपाकघरात झाला. बाजूला माशाचा रस्सा उकळत होता आणि टेबलावर तिच्या आजोबांचा फोन पडला होता. बटणांचा, जाडजूड. लोत्कावरची सुंदर पानं त्या फोनवर उघडेनात. नुसता पांढरा पडदा यायचा.

"आजोबा, नवा फोन घ्या ना," ती म्हणाली.

"घेतला होता," आजोबा म्हणाले. "काचेचा. माझ्या बोटाला ओळखतच नाही तो. दहा वेळा दाबलं. वाटलं, मी मेलोय आणि मला कुणी सांगितलं नाही."

जाळी ओढून ओढून, मिठानं आणि थंडीनं आमच्या लोकांच्या बोटांची कातडी खरोखरच लाकडासारखी होते. काचेला ती कळत नाही. हारितीना हसली, पण रस्सा खाली उतरवून तिनं मला लिहायला घेतलं.

माझं काम असं. जुना फोन दाराशी आला की लोत्का मला हाक मारते. मी मोठं पान हातात घेतो आणि त्यातलं ओझं काढून टाकतो. चित्रं काढतो, हलणाऱ्या पाट्या काढतो, फोनच्या आत जाऊन चालणारे छोटे छोटे प्रोग्राम असतात, स्क्रिप्ट म्हणतात त्यांना, ते सगळे काढतो. मग उरतात शब्द, लिहायच्या चौकटी आणि खाली एक बटण. असं साधं पान मी त्या फोनच्या हातावर ठेवतो. साध्या पानाला माझा स्वतःचा पत्ताही होता. कुणीही फोनमध्ये जपून ठेवावा आणि सरळ माझ्याकडं यावं.

माझ्या शेजारी, त्याच फाइलमध्ये माझ्या लगेच खाली, चारशेचार राहतो. जो पत्ता नाहीच आहे तो विचारत कुणी आलं, की हा बाहेर येतो आणि म्हणतो, "सापडलं नाही." जन्मात त्यानं दुसरं वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. हवापाण्याचं विचारलं तरी "सापडलं नाही". मला वाटायचं, हा माझ्यावर पाळत ठेवायला बसवलाय. कमी बोलणाऱ्याचा मला भरवसा नाही. जास्त बोलणाऱ्याचा तर त्याहून नाही.

जास्त बोलणारा होरिया. तो नंतर आला, क्लूज शहरातून. पोरगा हुशार, सभ्य. हारितीनाला एकटीला लोत्का ओढवेना, तेव्हा तो मदतीला लागला. आल्या आल्या त्यानं माझ्यावरच्या ओळीत लिहिलं, 'किती सुबक काम आहे हे!'

तेव्हाच मला संशय आला. आमच्याकडं म्हातारा बैल विकायच्या आधी त्याची पाठ अशीच थोपटतात.

माझी जिवाभावाची माणसं गावांत होती. त्यांना मी माहीत नव्हतो, पण ती मला माहीत होती. त्यातली एक एव्दोकिया. गर्ला वेकेची. हे गाव पाण्याच्या एका फाट्यावर आहे. रस्ता नाही, बोटच काय ती. हिवाळ्यात बोटीचा नियम असा आहे, की ज्या धक्क्यावरून आदल्या दिवशी कुणा प्रवाशाचं नाव आलं असेल तिथंच ती थांबते. बर्फातून वळून धक्क्याला लागायचं म्हणजे तासभर जातो, डिझेल जळतं. तोंडी निरोप चालत नाही. त्यावरून इतकी भांडणं झाली होती, की कचेरीनं शेवटी सांगून टाकलं, नाव पानावर आलं तरच खरं.

एव्दोकिया नाव घालायची ती माझ्या पानावर. तिच्याकडं बटणांचा फोन होता, इटलीला कामाला गेलेल्या मुलानं जाताना ठेवलेला. अंगणात पालथ्या घातलेल्या होडीवर चढलं की त्याला रेंज यायची, तीही एकच कांडी. फोनवर बोलणं जमायचं नाही, मध्येच तुटायचं. पण माझं साधं पान इतकं हलकं, की त्या एका कांडीवरूनही पोचायचं.

माझ्या पानावर खाली एक चौकट होती. 'कॅप्टनसाठी निरोप'. बाकीचे लोक ती कोरी सोडायचे. एव्दोकिया त्यात संसार मांडायची.

"पाम्फिल, मेल्या, मागच्या खेपेला माझं पिठाचं पोतं तू धक्क्यावर असं फेकलंस जसा काही मेलेला मासा. अर्धं पीठ बदकांनी खाल्लं."

बोटीचा कॅप्टन पाम्फिल. तोही उत्तर लिहायचा, "काकू, बदकं धन्यवाद म्हणतायत."

"तुझ्या आईला मी ओळखत होते. शहाणी बाई होती. तू कुणावर गेलास?"

"तुमच्यावर, काकू. लहानपणी तुमच्याच घरी जेवायचो."

मी हे सगळं इकडून तिकडं पोचवायचो. त्यातला एक शब्दही मी कधी काढला नाही. ओझं आणि माल यातला फरक मला हारितीनानं पहिल्याच दिवशी शिकवला होता.

तिच्या नवऱ्याला, सिदोरला, दिसेनासं झालं होतं. दोन्ही डोळ्यांवर साय धरल्यासारखं. तो स्वतःची दाढी हातानं चाचपून विंचरायचा आणि देवाच्या तसबिरीसमोर दिवा लावताना बोट भाजून घ्यायचा. तुल्चाच्या इस्पितळात ऑपरेशनची पाळी लागायला वर्ष गेलं. शेवटी तारीख मिळाली. एव्दोकियानं लगेच चौकटीत लिहिलं, "पाम्फिल, जानेवारीतल्या शेवटच्या बुधवारी आम्ही दोघं. विसरलास तर तुझं तोंड बघणार नाही. आणि सिदोर तर काय, कुणाचंच बघणार नाही."

"काकू, आदल्या दिवशी नाव घाला म्हणजे झालं. नाव आलं की मी आलो."

त्याच सुमारास माझ्यावर पहिला घाव पडला. होरियानं नव्हे, हारितीनानंच. माझ्या अगदी वरच्या ओळीत तिनं एक वाक्य घातलं. आता कुणीही मला हाक मारली, की काम करायच्या आधी मी म्हणायचं, 'मी लवकरच जाणार आहे. माझ्यावर विसंबू नका.'

लोत्कात ही रीत आहे. एखादा जुना तुकडा काढायचा तर एकदम काढत नाहीत. एका आवृत्तीत त्याच्याच तोंडून सांगवतात, पुढच्या आवृत्तीत जरा मोठ्यानं, आणि मग तिसऱ्या आवृत्तीत तो नसतो. शहाणी रीत आहे असं म्हणतात. असेल. पण स्वतःच्या मयताचं आमंत्रण स्वतःच दारोदार फिरून द्यायचं, तेही रोज, हे ज्याला करावं लागतं त्याला विचारा.

मी ते प्रामाणिकपणे म्हणत होतो. ऐकत मात्र कुणी नव्हतं. माझा इशारा एव्दोकियाला दिसत नाही, तो जातो गावाची वेबसाइट सांभाळणाऱ्याच्या नोंदींमध्ये. गर्ला वेकेची वेबसाइट सांभाळायचे निकिफोर मास्तर. पलीकडच्या काठावर शाळा आहे, तिच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांमागं त्यांनी संगणक ठेवला होता. माझ्या इशाऱ्यांनी त्या संगणकाची जागा भरू लागली. मास्तरांनी काय करावं? इशारा वाचावा की नाही? त्यांनी एक ओळ लिहिली, 'असल्या सूचना दाखवू नये.' झालं. त्या दिवसापासून मी ओरडत होतो आणि माझ्या तोंडावर उशी होती.

मास्तर वाईट नाहीत. नंतर मला कळलं, हे लोक सगळेच असं करतात. धोक्याची घंटा फार वाजते म्हणून घंटेला फडकं बांधतात आणि मग म्हणतात, कसं शांत वाटतंय.

दुसरीकडं होरियानं लोत्काच्या चर्चेत एक प्रश्न टाकला. आमच्याबद्दलची बोलणी तिथं लिहिली जातात, सगळ्यांना वाचता येतील अशी. त्यानं लिहिलं, "साधं पान कुणी वापरतंय का? आमच्या मोजणीत शून्य दिसतंय. कुणाची हरकत?"

कोण बोलणार? एव्दोकिया? तिला लोत्का म्हणजे अंगणात पालथी पडलेली होडी एवढंच ठाऊक. मास्तर? त्यांच्या काचेच्या फोनवर मोठं पान छान उघडत होतं. आपल्याच गावात कुणाला दुसरं पान मिळतं हे त्यांना माहीतच नव्हतं. दिवस गेले, उत्तर आलं नाही. न बोलणाऱ्यांची संमती गृहीत धरली गेली.

मला त्या शून्याचा फार संशय आला. रोज माणसं येतात, मी रोज पान देतो, आणि मोजणी म्हणते कुणी नाही. याचा अर्थ मोजणारी खोटं बोलते. ती नवी होती, होरियानंच आणलेली. पानाबरोबर जायची, फोनच्या आत जाऊन बसायची आणि तिथून खूण करायची, एक आला, दोन आले. मला वाटलं, या दोघांचं संगनमत आहे. मला काढायचं आधीच ठरलंय आणि शून्य नंतर लिहिलंय. शेजारच्या चारशेचारला मी म्हटलं, "माझ्या खऱ्या गिऱ्हाइकांची मोजणी कुठं गेली रे?"

तो म्हणाला, "सापडलं नाही."

हाही त्यांना सामील, असं मी धरून चाललो.

मग चाचणीची आवृत्ती निघाली. त्यात माझ्या प्रत्येक ओळीपुढं एक खूण लावली. दिसायला जाळ्याच्या एका डोळ्यासारखी. ती खूण लागली की पायथन त्या ओळीकडं बघत नाही. मी होतो तिथंच होतो, पण जाळं टाकलेल्या माशासारखा. ऐकू येत होतं, हलता येत नव्हतं. आणि माझा पत्ता तोडला.

होरियानं वर लिहिलं होतं, 'ही फक्त चाचणी आहे, चालू वेबसाइटवर लावू नये.' आणि त्याखाली, 'मोशूनं इतकी वर्षं केलेल्या सेवेबद्दल आभार.'

आभार वाचले आणि मी समजून चुकलो.

निकिफोर मास्तरांना नवी आवृत्ती म्हणजे भट्टीतून काढलेला पाव. गार होईपर्यंत दम धरवत नाही. चाचणी कुठं करायची, तर त्यांच्याकडं संगणक एकच, कपाटातला. त्यांनी तिथंच लावली. आपल्या फोनवर पान उघडून पाहिलं, 'वा!' म्हणाले आणि चहा ठेवायला गेले. तो मंगळवार होता. जानेवारीतल्या शेवटच्या बुधवारच्या आदला. क्रिवत्स सुटला होता.

दुपारी एव्दोकिया आली.

मला तिची चाहूल लागली. तीच जुनी, हळू, एका कांडीवरची वाट. मी उठायला गेलो तर उठता येईना. तिनं माझा पत्ता विचारला. माझ्याऐवजी चारशेचार बाहेर गेला.

"सापडलं नाही," तो म्हणाला.

ती गेली. जरा वेळानं परत आली. तोच पत्ता.

"सापडलं नाही."

मी आतून ओरडत होतो, अरे, मी इथंच आहे, तुझ्या डोक्यावर! पण खुणा लावलेल्या ओळींचा आवाज होत नाही. तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा बरंच थांबून राहिली. तिथं वाऱ्यात पालथ्या होडीवर एक म्हातारी, डोक्याचा रुमाल एका हातानं धरून, दुसऱ्या हातातल्या फोनमध्ये काय वाचत असेल! मास्तरांकडं जावं तर मधलं पाणी असं गोठलेलं, की चालायला पातळ आणि वल्हवायला जाड.

चारशेचारनं पुन्हा तेच सांगितलं. ती गेली. मग तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "म्हातारी होती. परत परत आली."

मी चमकलो. याला दुसरी वाक्यं येतात?

"मग सांगायचं होतंस," मी मनात म्हटलं.

त्याला ते ऐकू गेलं असावं. "मला तेवढंच बोलायला दिलंय," तो म्हणाला.

बुधवारी काय झालं ते मला नंतर कळलं, पाम्फिलनं मास्तरांना सांगितलं आणि मास्तरांनी चर्चेत लिहिलं तेव्हा.

पाम्फिलनं पहाटे यादी पाहिली. गर्ला वेके कोरं. नियमानं त्यानं मधल्या धारेतून सरळ पुढं जायचं. फाट्याशी आला आणि त्यानं इंजिन हळू केलं. खलाशी म्हणाला, "कॅप्टन, यादीत नाही हे गाव. कशाला डिझेल जाळता?"

पाम्फिल म्हणाला, "यादीत नाही ते कळलं रे. पण शिवीही नाही."

"कसली शिवी?"

"तारीख मिळाल्यापासून ही बाई मला या बुधवारची आठवण करून देतेय. असला वारा सुटलाय, आणि आदल्या दिवशी मला 'मेल्या' म्हटलं नाही? काहीतरी बिनसलंय. वळव."

तासभर बर्फ फोडत बोट धक्क्याला लागली. एव्दोकिया उभी होती, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून सिदोर. पायाशी कपड्यांचं गाठोडं. दोघं उजाडायच्या आधीपासून उभी होती. नाव गेलं नाही हे तिला माहीत होतं, तरी उभी होती.

ती पाम्फिलला पहिलं वाक्य काय बोलली असेल? "आलास? मग उशीर का?"

सिदोर वेळेवर पोचला. पण मास्तरांना जेव्हा कळलं की आपण चहा ठेवत होतो तेव्हा कोण होडीवर उभं होतं, तेव्हा ते लाल झाले. चाचणीची आवृत्ती काढून टाकली आणि चर्चेत लिहायला बसले. मास्तरच ते. आधी दुसऱ्याचा कान धरतात.

"तुम्ही म्हणालात, साधं पान कुणी वापरत नाही."

होरियानं शांतपणे उत्तर दिलं, "मास्तर, चालू वेबसाइटवर लावू नका असं आम्ही लिहिलं होतं. आणि मोजणीत शून्य आहे. शून्य म्हणजे शून्य."

"मग धक्क्यावर उभी होती ती कोण? बगळा?"

"मी आकडा सांगतोय."

"आणि मी बाई सांगतोय!"

मग हारितीनानं माझी फाइल उघडली. मी तिच्यावरही संशय धरून होतो. माझ्या कपाळावर ते वाक्य तिनंच लिहिलं होतं ना? माझ्यावरच्या खुणा तिनं एकेक करून काढल्या आणि मला वाचायला लागली. वरून खाली, सावकाश. स्वयंपाकघरात लिहिलं त्यानंतर पहिल्यांदाच.

"होरिया," तिनं लिहिलं, "मोशू पानातून काय काय काढून टाकतो ते वाचलंस का?"

"वाचलंय. चित्रं, हलणाऱ्या पाट्या, सगळ्या स्क्रिप्ट."

"सगळ्या?"

"हो, सगळ्या. तेच तर त्याचं काम."

"आणि तुझी मोजणी काय आहे?"

होरियाचं एका शब्दाचं उत्तर आलं, "स्क्रिप्ट."

"म्हणजे तो पान हलकं करताना तुझ्या मोजणारीलाही पाण्यात टाकतोय. रोज. साध्या पानावर जो जो येईल तो मोजणीत येणारच नाही, पोरा. हजार आले तरी शून्य."

मोजणारी खोटं बोलत नव्हती. ती बिचारी आत जायच्या आधीच मी तिला काठावर उतरवत होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं की ती माल आहे. मला ती ओझं वाटली. माझ्याच कामानं माझी माणसं नाहीशी होत होती, आणि मी मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांवर डोळे वटारून बसलो होतो.

होरियानं पुढं फक्त एवढं लिहिलं, "मी ते आभारांचं वाक्य काढून टाकतो."

"ते आधी काढ," हारितीना म्हणाली.

तुम्हाला वाटेल, आता मोशूचे दिवस पालटले. मलाही तसं वाटून घ्यावंसं वाटलं. पण कपाळावरचं वाक्य अजून तिथंच आहे. होरियाचं म्हणणं असं, की लोत्का जड झाली आहे, जुनं सगळं तिच्यात ठेवता येणार नाही. हारितीनाला ते पटतं. मग त्यांनी मधला मार्ग काढला. मला लोत्कामधून काढायचं आणि एका वेगळ्या छोट्या होडीत ठेवायचं. ज्याला साधं पान हवं त्यानं ती होडी लोत्काच्या मागं दोरीनं बांधून घ्यायची. तिची देखभाल हारितीना आणि निकिफोर मास्तर करणार. खाली होरियानंही स्वतःचं नाव घातलं.

त्यानं का घातलं, याचा मी अजून विचार करतोय. त्याला वाईट वाटलं म्हणून? की दोरीवर हात राहावा म्हणून? दोरी ज्याच्या हातात असते त्याला ती सोडताही येते. हारितीनानं त्याला आजोबांचा तो जुना फोन पाठवलाय म्हणे. आता तो दर बदलानंतर त्यावर पान उघडून बघतो. बघू दे. मीही त्याला बघतोय.

मास्तरांनी घंटेवरचं फडकं काढलंय. माझे इशारे ते वाचतात, आणि वाचून मोठ्यानं "हो, हो, कळलं मोशू" म्हणतात असं त्यांनीच लिहिलं.

आणि एव्दोकिया परत आली. गावाची वेबसाइट जुन्या आवृत्तीवर गेली, माझा पत्ता जोडला गेला, आणि एका सकाळी तीच हळू वाट माझ्यापर्यंत पोचली. चौकटीत तिनं लिहिलं,

"पाम्फिल, मेल्या, त्या दिवशी ती पाटी मला म्हणत होती सापडलं नाही. काय सापडलं नाही? मी? धक्का? की सिदोर? सगळे जागच्या जागी होतो. पाटी लिहिणाऱ्याला एकदा माझ्याकडं जेवायला आण, दाखवते. सिदोरला आता दिसतं. पट्टी काढल्यावर मला बघून म्हणाला, तू केवढी म्हातारी झालीस गं. दोन दिवस त्याला रस्सा दिला नाही."

पाम्फिलनं लिहिलं, "काकू, तुमची शिवी आली, जिवात जीव आला."

मी ते दोन्हीकडं पोचवलं. अक्षरही गाळलं नाही.

उद्या मला हलवणार आहेत. आज हवा निवळली आहे, हे मला कळतं, कारण बोटीचं कुणी विचारत नाही. कुणाची तरी बकरी हरवली आहे. नव्या होडीत मी कसा राहीन माहीत नाही. हलवतो म्हणतात आणि वाटेत टाकतात, असंही मी ऐकलंय.

तुम्ही कुणी शिकले-सवरलेले असाल, असले सांगाडे बांधत असाल, तर या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. जुनं काढू नका असं मी म्हणत नाही. आम्हालाही कधीतरी जायचंच आहे. पण काढायच्या आधी कुणी वापरतं का असं विचाराल, तेव्हा तुमची हाक कुठवर जाते ते बघा. पालथ्या होडीवर उभं राहून एकदा ऐकून बघा. तिथं ती ऐकू येत नसेल, तर शून्य लिहू नका. 'माहीत नाही' असं लिहा. तेवढा शब्द तुमच्याही भाषेत असेल.

निघायच्या आधी मी शेजाऱ्याचा निरोप घेतला. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो आणि मी त्याला हेर समजत होतो. मी म्हटलं, "चारशेचार, मी जातोय. ज्यांनी छोटी होडी बांधली नाही, त्या गावांतून कुणी ना कुणी माझा पत्ता विचारत येईल. तुझ्याकडंच येईल. काय सांगशील?"

मला वाटलं, आता तेच म्हणणार, त्याला दुसरं काय दिलंय.

मग तो म्हणाला, "सांगेन, 'थांबा जरा. आत्ता इथंच होता.'"